टर्बो एंजिनांतील दाब आणि त्याचें नियमन

चाकण हें नांव उच्चारतांच महाराष्ट्रांतील वाचकांस प्रथम आठवतो तो संग्रामदुर्ग. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढें फिरंगोजी नरसाळा या किल्लेदारानें हा लहानसा भुईकोट सुमारें दोन महिने लढविला. तोफांनीं जें साधलें नाहीं तें अखेरीस सुरुंगानें साधलें. मोगलांनीं भुयार खणून बुरुजाच्या पायाशीं दारू भरली, ती पेटविली, आणि बुरूज उडाला. उघड्या अंगणांत पेटविलेली दारू नुसती भडकून जाते. तीच कोंडलेल्या जागीं पेटली तर दगडी बुरूज उखडते. एका क्षणांत वायु उत्पन्न होतो आणि त्याच्या दाबास वाट मिळत नाहीं, एवढेंच त्याचें कारण. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग पडणार आहे.

कांदा-बटाट्याच्या बाजारासाठीं पंचक्रोशींत प्रसिद्ध असलेल्या या गांवाभोंवतीं आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना येथें २००९ सालीं सुरू झाला. कुशाक व टायगुन या गाड्या २०२१ सालापासून तेथें बनूं लागल्या, आणि त्यांत बसणारें ‘टीएसआय’ नांवाचें एक लिटरचें पेट्रोल एंजिनही तेथेंच जुळविलें जातें. महिंद्रांच्या येथील कारखान्यांतून २०२२ सालीं स्कॉर्पिओ-एन ही गाडी बाहेर पडली. आपल्यापैकीं कित्येकांचे वडील किंवा वडील भाऊ या कारखान्यांत पाळीला जातात, आणि ‘टर्बो’ हा शब्द घरांत सहज ऐकूं येतो. टर्बो म्हणजे जास्त जोर, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु तो जोर उत्पन्न करण्यापेक्षां तो आवरणें हें अधिक नाजूक काम आहे, आणि त्याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

एंजिन पेट्रोल खातें असें आपण म्हणतों. वस्तुतः तें पेट्रोलापेक्षां हवाच कितीतरी अधिक खातें. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळावयास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. चाकण समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंच आहे, त्यामुळें येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षां शेंकडा सात-आठ विरळ असते व एक लिटर हवेचें वजन जेमतेम १.१ ग्रॅम भरतें. एक लिटरच्या एंजिनानें एक पुरता श्वास घेतला (त्याचा एक श्वास म्हणजे मुख्य दांड्याचे दोन फेरे) तर तेवढ्या हवेंत सुमारें ०.०७५ ग्रॅम पेट्रोल जळूं शकतें. याहून अधिक ओतलें तर तें जळणार नाहीं. काजळी होऊन धुराबरोबर निघून जाईल. तेव्हां जोर वाढविण्याचे मार्ग थोडे. एंजिन मोठें करावें, तें अधिक वेगानें फिरवावें, किंवा आहे त्याच एंजिनांत हवा कोंबून भरावी.

हा तिसरा मार्ग कसा साधावा याची युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं पेटंट केली. इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भाग तप्त धुराबरोबर फुकट जातो हें त्यास ठाऊक होतें. त्या धुराच्या झोतांत एक पात्यांचें चाक ठेवावें, त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चाक बसवावें, आणि त्या दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा ओढून एंजिनांत दाबावी, अशी ती योजना. धुराकडील चाकास टर्बाइन म्हणतात, हवेकडील चाकास कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून टर्बोचार्जर झाला. त्यास पट्टा नाहीं, दांते नाहींत, एंजिनाशीं त्याचें नातें केवळ वायूचें. लहान मोटारींतील टर्बोचार्जर मुठीएवढ्या चाकांचा असतो आणि तो मिनिटास दोन लाखांवर फेरे घेऊं शकतो. पेट्रोल एंजिनांत त्याचें एक चाक नऊशें अंशांहून तप्त झोतांत फिरत असतें, तर थोड्याच अंतरावरील दुसरें साध्या हवेंत.

प्रथम या यंत्राचा उपयोग जोर वाढविण्यापेक्षां गेलेला जोर परत आणण्याकडे अधिक झाला. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफोर्ड मॉस यानें विमानाचें एक एंजिन पाइक्स पीक नांवाच्या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेऊन चालविलें. तेथील विरळ हवेंत एंजिनाचा तिसऱ्या हिश्शाएवढा जोर नाहींसा झाला होता. टर्बोचार्जर लावतांच तो सारा परत आला.

आतां आपण मुख्य अडचणीपाशीं आलों. टर्बोचार्जरानें हवा दाबून भरली म्हणजे इंधन अधिक जळतें. इंधन अधिक जळलें म्हणजे धुराचा झोत अधिक प्रबळ होतो. झोत प्रबळ झाला कीं टर्बाइन आणखी जोरानें फिरतें आणि हवा आणखी दाबली जाते. या चक्रास आपोआप थांबावयाचें ठिकाण असें नाहीं. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाप्रमाणें तें स्वतःवरच वाढत जातें, आणि सोडून दिलें तर एंजिनाचा किंवा टर्बोचार्जराचा कोणता तरी अवयव मोडल्यावरच तें संपतें.

यावर कोणी म्हणेल कीं टर्बोचार्जर मुळांतच असा मोठा बसवावा कीं एंजिन पूर्ण वेगांत असतांनाही दाब मर्यादेबाहेर जाऊं नये. तसें करतां येतें. परंतु मग चाकण-तळेगांव रस्त्यावर मालमोटारींच्या मागें रांगत असतांना तें जड चाक हलणारच नाहीं, आणि गाडी ऐन वेळीं मरगळल्यासारखी वाटेल. उलट टर्बोचार्जर लहान बसविला तर तो थोड्याशा झोतानेंही चटकन फिरूं लागतो. पण एंजिन वेगांत आलें कीं त्याला झोत झेपत नाहीं. छत्रपति संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ही गोष्ट चटकन उमजेल. पाण्याच्या लोटानें चक्र फिरतें आणि त्यावर जातें दळतें. उन्हाळ्यांतील थोड्या पाण्यावरही जातें फिरावें असें वाटत असेल तर चक्र हलकेंच हवें; आणि चक्र हलकें ठेविलें तर पावसाळ्यांतील जादा पाणी चक्रावर न पाडतां बाजूनें काढून देण्याची सोय पाहिजे. लहान टर्बोचार्जर व त्याच्या बाजूस जादा झोत सोडून देणारें एक दार, ही आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांतील योजना नेमकी अशीच आहे. या दारास वेस्टगेट म्हणतात. तें टर्बाइनच्या तोंडाशीं असतें. उघडलें कीं धुराचा कांहीं भाग टर्बाइनच्या चाकास न शिवतां सरळ पुढच्या नळींत जातो.

वेस्टगेट हें केवळ संकटकालीं उघडावयाचें दार आहे असें समजणें बरोबर नव्हे. अंगावर तें बाळगलें आहे म्हणूनच लहान, चपळ टर्बोचार्जर वापरण्याची मोकळीक मिळते. तें नसतें तर एक लिटरच्या एंजिनानें दीड लिटरच्या एंजिनाचें काम करणें शक्य झालें नसतें.

दाब मर्यादेबाहेर गेला तर नेमकें काय बिघडतें? सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोक तापतें हें सर्वांनीं अनुभविलें आहे. हवा दाबली कीं ती तापते. वातावरणांतील हवा दुप्पट दाबानें कोंबली तर ती कॉम्प्रेसरांतूनच शंभर अंशांच्या वर तापून बाहेर पडते. म्हणून तिला वाटेंत थंड करावें लागतें. चाकणच्या टीएसआय एंजिनांत पाण्यानें थंड होणारें हें शीतकयंत्र हवेच्या मुख्य नळींतच बसविलेलें आहे. तरीही सिलिंडरांत जाणारी हवा दाट असते, आणि पिस्टन तिला पुन्हा दहा पटीच्या आसपास दाबतो. स्पार्क प्लगची ठिणगी पडली म्हणजे ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जावी, आणि पिस्टनवर वाढता पण सलग रेटा पडावा, अशी अपेक्षा असते. पण न जळलेल्या टोंकाकडील मिश्रण आधींच फार दाट व तप्त असेल तर तें ज्वालेची वाट पाहत नाहीं. एकदम आपोआप पेटतें. मग तो रेटा राहत नाहीं, घणाचा घाव होतो. एंजिनांतून खडखड ऐकूं येते. त्यास कारागीर नॉकिंग म्हणतात. संग्रामदुर्गाच्या बुरुजाखालीं जें घडलें त्याच जातीची ही घटना सिलिंडरांत सेकंदास कित्येकदां घडूं लागली तर पिस्टनचीं कडीं तुटतात, त्याच्या माथ्यास भोंक पडतें, कनेक्टिंग रॉड वांकतो. हा नाश होण्यास कित्येक वर्षें लागतात असें नव्हे. थोडीं मिनिटेंही पुरतात.

डीझेल एंजिनाची गोष्ट थोडी निराळी. त्यांत आधीं नुसती हवा दाबली जाते व इंधन मागून फवारलें जातें, म्हणून वरील जातीची खडखड त्यांत होत नाहीं. आणि म्हणूनच टर्बोचार्जर डीझेलमध्यें लवकर रुळला. तेथें मर्यादा पडते ती सिलिंडराच्या व बेअरिंगांच्या मजबुतीची, धुराच्या उष्णतेची, आणि टर्बोचार्जराच्या दांड्यास किती फेरे सोसतील याची.

पेट्रोल मोटारींत हें यंत्र प्रथम आलें तेव्हां आवरण्याची विद्या कच्ची होती. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन टर्बो मोटारी जवळजवळ एकदमच निघाल्या. कॉर्व्हेअरला वेस्टगेट नव्हतेंच. धुराच्या नळीचा कोंडमाराच एवढा ठेविला होता कीं दाब फार चढूं नये. हा उपाय म्हणजे बैल उधळूं नये म्हणून त्यास अर्धपोटी ठेवण्यासारखा होता. जेटफायरला वेस्टगेट होतें, आणि शिवाय नॉकिंग टाळण्यासाठीं सिलिंडरांत पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण थोडें थोडें सोडण्याची योजना होती. त्या मिश्रणाची टांकी मालकानें स्वतः भरावयाची. टांकी रिकामी झाली तर दाब आपोआप कमी करणारी सोयही होती. कित्येक मालक ती भरावयास विसरत, गाडीचा जोर नाहींसा झाला म्हणून कुरकुर करीत, आणि शेवटीं कित्येकांनीं टर्बोचार्जर काढूनच टाकिले. यंत्र कितीही चांगलें असलें तरी त्याची सुरक्षितता मालकाच्या स्मरणशक्तीवर सोंपवूं नये, हें एंजिनियरांस यावरून कळून आलें असावें. पुढें १९७७ सालीं स्वीडनच्या साब कंपनीनें आपली ९९ टर्बो ही मोटार दाखविली. तिच्यांत लहान टर्बोचार्जर व वेस्टगेट यांची जोडी रोजच्या वापराच्या गाडीसाठीं नीट जुळविलेली होती. हाच पायंडा पुढें रूढ झाला.

आतां हें दार उघडतें कसें तें पाहूं. जुन्या व सोप्या पद्धतींत टर्बोचार्जराच्या कडेस एक पत्र्याची गोल डबी बसविलेली असते. डबीच्या आंत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूस स्प्रिंग, आणि पडद्यास जोडलेली एक दांडी. दांडीचें दुसरें टोक वेस्टगेटच्या झडपेस जोडलेलें. स्प्रिंग झडप मिटून धरते. पडद्याच्या दुसऱ्या बाजूस कॉम्प्रेसरकडून एक बारीक नळी येते, व तिच्यांतून दाबलेली हवा पडद्यास रेटते. समजा स्प्रिंग अर्ध्या बारच्या रेट्यास नमेल अशी आहे (समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब सुमारें एक बार असतो). जादा दाब अर्ध्या बारवर गेला कीं पडदा सरकतो, दांडी ढकलली जाते, झडप उघडते, टर्बाइनचा वेग पडतो आणि दाब उतरतो. उतरला कीं स्प्रिंग पुन्हा झडप मिटते. जो दाब मर्यादा ओलांडूं पाहतो तोच स्वतःच्या हातानें आपलें दार उघडतो! माझ्या मतें मोटारींतील इतर कोणत्याही चातुर्यापेक्षां या पत्र्याच्या डबींतील चातुर्य अधिक सुंदर आहे. तिला वीज लागत नाहीं, संगणक लागत नाहीं.

तथापि तिच्यांत एक उणीव आहे. स्प्रिंगची मर्यादा एकदां ठरली कीं ठरली. घाट चढतांना थोडा अधिक दाब हवा असेल, किंवा उन्हाळ्यांत थोडा कमी, तर ती तें करूं शकत नाहीं. म्हणून त्या बारीक नळीला मध्येंच विजेवर चालणारी एक छोटी झडप बसविण्याची युक्ति निघाली. तिला सोलेनॉइड म्हणतात. संगणकास दाब वाढवावयाचा असला कीं तो या झडपेच्या वाटे नळींतील थोडी हवा गळूं देतो. पडद्यापर्यंत हवा कमी पोहोंचते. खरा दाब पाऊण बार असला तरी पडद्यास तो अर्धाच वाटतो, आणि दार मिटलेलें राहतें. पहारेकऱ्यास खोटा निरोप पोहोंचवून काम साधण्याचाच हा प्रकार. परंतु त्यांत एक चांगलें धोरण आहे. सोलेनॉइडचा वीजपुरवठा तुटला तर बहुतेक रचनांत सर्व हवा पडद्याकडे जाते, व दाब स्प्रिंगच्या मूळ मर्यादेवर येऊन थांबतो. बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूस व्हावा, अशी ती मांडणी.

साब कंपनीनें १९८० च्या सुमारास याच तत्त्वावर आणखी एक पाऊल टाकिलें. एंजिनाच्या अंगास तिनें एक कान लाविला, म्हणजे खडखडीचा कंप ओळखणारा सेन्सर. खडखड सुरू होतांच संगणक वेस्टगेट उघडून दाब उतरवीत असे. हलकें पेट्रोल भरलें तर दाब कमी, चांगलें भरलें तर अधिक. मर्यादा कारखान्यांत एकदांच ठरण्याऐवजीं ती एंजिनानेंच क्षणोक्षणीं ठरवावी, असा हा विचार होता. आज चाकणहून बाहेर पडणाऱ्या पेट्रोल एंजिनांसही हा कान असतो. मात्र आजचा संगणक खडखड ऐकतांच प्रथम ठिणगी किंचित् उशिरा पाडतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तरच दाबास हात घालतो, कारण ठिणगीची वेळ तत्काळ बदलतां येते, तर टर्बाइनचें फिरतें चाक मंद होण्यास कांहीं वेळ लागतो.

टीएसआय एंजिनांत पत्र्याची डबीही राहिलेली नाहीं. तेथें वेस्टगेटची दांडी एक लहानशी विजेची मोटार ओढते व ढकलते, आणि झडप किती उघडली आहे हें सांगणारा सेन्सर तिच्यापाशींच असतो. हवेच्या दाबाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. याचा लाभ दाब आवरण्यापुरताच नाहीं. सकाळीं थंड एंजिन सुरू केलें कीं दार सताड उघडतां येतें. मग तप्त धूर टर्बाइनमध्यें उष्णता न दवडतां सरळ पुढें जातो व धूर शुद्ध करणारें यंत्र लवकर तापतें. रिकाम्या रस्त्यावर सावकाश जातांनाही दार थोडें उघडें ठेवून एंजिनाचा श्वास मोकळा करतां येतो, आणि तेवढें इंधन वांचतें.

डीझेल गाड्यांत आणखी एक उपाय आहे. त्यांत झोत बाजूनें सोडून देण्याऐवजीं तो चाकावर कसा पाडावा हेंच बदलतात. टर्बाइनच्या चाकाभोंवतीं लहान लहान पात्यांचें कडें असतें. हीं पातीं खिडकीच्या झिलमिलीप्रमाणें फिरतात. एंजिन मंद असतांना पातीं जवळजवळ मिटतात, फटी अरुंद होतात, व थोडाच झोत वेगानें चाकावर आदळतो. (बागेंतील नळीचें तोंड बोटानें दाबलें कीं पाणी दूर उडतें, तसेंच हें.) एंजिन वेगांत आलें कीं पातीं उघडतात व दाब वाढत नाहीं. स्कॉर्पिओ-एनच्या डीझेल एंजिनांत असा टर्बोचार्जर आहे. या उपायाचा गुण ज्यास प्रत्यक्ष तोलून पाहावयाचा असेल त्यानें चाकणहून शिक्रापूरमार्गें रांजणगांवास जावें. तेथील फियाटच्या कारखान्यांत १.३ लिटरचें मल्टिजेट डीझेल एंजिन बनत असे. २०२० सालच्या नव्या धूरनियमांबरोबर तें मागें पडलें. मूळ एंजिन एकच, पण साध्या टर्बोचार्जरासह तें ७५ अश्वशक्ति देई, आणि फिरत्या पात्यांच्या टर्बोचार्जरासह ९०. मग पेट्रोल गाड्यांत हीं पातीं सर्रास कां नाहींत? त्यांचा धूर डीझेलपेक्षां दोनशें-दोनशें अंशांनीं अधिक तप्त असतो. त्यांत हीं नाजूक पातीं टिकवावयाचीं तर फार महागडी धातु लागते. पोर्श कंपनीनें २००६ सालीं आपल्या ९११ टर्बो मोटारींत तें करून दाखविलें, पण त्या मोटारीची किंमत सांगून विद्यार्थ्यांचें मन विचलित करण्याची इच्छा नाहीं.

येथें एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. कांहीं गाड्यांच्या पुढच्या भागांतून चालकानें पाय उचलतांच ‘फुस्स’ असा आवाज येतो, व तरुण मंडळी तो वेस्टगेटचा आवाज म्हणून कौतुकानें ऐकतात. तो वेस्टगेटचा नव्हे. पाय उचलला कीं एंजिनाच्या तोंडाशीं असलेली थ्रॉटलची झडप मिटते, पण कॉम्प्रेसर त्याच वेगानें हवा ढकलीतच असतो. ती हवा अडून उलट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळूं नये म्हणून एक निराळी झडप उघडते व ती हवा परत मागें किंवा बाहेर सोडते. घरच्या कुकरची शिट्टी या झडपेशीं जुळते, कारण तयार झालेला दाब ती बाहेर टाकते. वेस्टगेटची गोष्ट उलट आहे; तें दाब तयारच होऊं देत नाहीं. कुकरच्या भाषेंत बोलावयाचें तर वेस्टगेट म्हणजे शिट्टी नव्हे, चुलीची आंच कमी करणारा हात होय.

आतां उंचीचा प्रश्न. दाब दोन रीतींनीं मोजतां येतो. भोंवतालच्या हवेपेक्षां किती अधिक, किंवा निर्वातापासून एकंदर किती. सिलिंडरांत किती हवा मावली हें दुसऱ्या मापानें ठरतें. पत्र्याच्या डबींतील स्प्रिंग मात्र पहिलेंच माप जाणते, कारण तिच्या पाठीमागें बाहेरची हवा असते. म्हणून अर्ध्या बारची स्प्रिंग मुंबईस एकंदर दीड बार देईल, तर बोरघाट चढून चाकणला आल्यावर १.४४ बारच, कारण येथील वातावरणाचा दाब सुमारें ०.९४ बार आहे. संगणक असलेल्या एंजिनांत वातावरणाचा दाब मोजला जातो व वेस्टगेट थोडें अधिक वेळ मिटलेलें ठेवून ही तूट भरून काढतां येते. ती फुकट मात्र मिळत नाहीं. एकंदर दोन बार हवे असतील तर मुंबईस कॉम्प्रेसरनें हवा दुपटीनें दाबावयाची. चाकणला तीच २.१३ पटींनीं. लडाखमधील उमलिंग ला या सुमारें एकोणीस हजार फुटांवरील रस्त्यावर वातावरणाचा दाब अर्ध्या बारहूनही थोडा कमी असतो. तेथें चौपटीहून अधिक दाबावी लागेल. त्यासाठीं टर्बोचार्जराचा दांडा इतक्या वेगानें फिरवावा लागेल कीं चाकांच्या चिंधड्या उडतील. तेव्हां अशा उंचीवर संगणक आपणहून दाबाची मर्यादा खालीं आणतो, आणि चालकास गाडी दमल्यासारखी वाटते. ती दमलेली नसते. तिला जपलें जात असतें.

शेवटीं, हा सर्व बंदोबस्त फसतो केव्हां? डबीकडे जाणारी रबरी नळी चिरली कीं पडद्यास निरोपच पोहोंचत नाहीं व दाब मोकाट वाढतो. काजळीनें वा गंजानें झडप अडकून बसते. अशा वेळीं दुसरी फळी पुढें येते. हवेच्या नळींतील दाबमापक सेन्सर अपेक्षित व प्रत्यक्ष दाब ताडून पाहतो. अंतर फार पडलें तर संगणक थ्रॉटल मिटवितो, इंधन कमी करतो, समोरच्या फळीवर पिंवळा दिवा लावतो, आणि गाडी कशीबशी घरीं पोहोंचेल एवढाच जोर शिल्लक ठेवतो. पुष्कळ लोक यास गाडीचा हट्ट समजून रागावतात, आणि दिवा घालविणाऱ्या कारागिराच्या शोधांत निघतात. दिवा लावणारें कारण शोधणारा कारागीर मिळणें अधिक अगत्याचें आहे. पुष्कळदां तें कारण वीतभर नळीचा तुकडा एवढेंच असतें.

याहून चिंतेची गोष्ट म्हणजे हा बंदोबस्त जाणूनबुजून फसविणें. बाजारांत अशा डब्या मिळतात कीं त्या दाबमापकाच्या तारेंत जोडल्या असतां संगणकास खऱ्या दाबापेक्षां कमी आंकडा कळवितात. संगणक बिचारा दाब वाढवीत जातो. कोणी वेस्टगेटची दांडीच आंवळून ठेवतात. गाडी पहिल्या दिवशीं खरोखरच जोरानें पळते, यांत शंका नाहीं, व विकणाऱ्याची जाहिरात त्या पहिल्या दिवसावरच चालते. पण कारखान्यांत ठरविलेली मर्यादा कोणा भित्र्या माणसानें अंदाजानें लिहिलेली नसते. परीक्षणाच्या बैठकीवर एंजिन तासन् तास पूर्ण भारानें चालवून, पिस्टन, बेअरिंग, धुराची उष्णता, दांड्याचे फेरे हें सर्व मोजून ती ठरते. हलक्या पेट्रोलाची टांकी, मे महिन्यांतील दुपार, चार प्रवासी व वर सामान, समोर घाट, या सर्वांचा तींत हिशेब असतो. जी शिल्लक रोजच्या रस्त्यावर वायफळ दिसते ती त्या दुपारसाठीं राखलेली असते, आणि डबी विकणारा तीच उचलून गिऱ्हाइकास नफा म्हणून दाखवितो. ज्या घरांतील मुलगा पहिल्या पगारांतून जुनी टर्बो गाडी घेण्याच्या विचारांत असेल त्या घरच्या वडील माणसांनीं गाडी पाहतांना ही दांडी व तिची नळी कोणी हाताळली आहे काय, हें एखाद्या जाणत्या कारागिराकडून अवश्य पाहून घ्यावें.

जिज्ञासू विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच असून तेथील वातावरणाचा दाब सुमारें ०.८६ बार असतो. तेथें एकंदर दोन बार दाब मिळविण्यास कॉम्प्रेसरनें हवा किती पटींनीं दाबावी? आणि अर्ध्या बारच्या स्प्रिंगची साधी डबी असेल तर एकंदर दाब किती मिळेल? दोन्ही उत्तरें काढून तीं चाकणच्या आंकड्यांशीं ताडून पाहावीं.